हाड वाट देतं

आपल्या तोंडातला एकही दात जबड्याच्या हाडाला चिकटलेला नसतो. दाताचं मूळ आणि भोवतालचं हाड यांच्यामध्ये चहूबाजूंनी एक फट असते, पाव मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी. त्या फटीत असंख्य बारीक तंतू, रक्तवाहिन्या आणि नसा दाटीवाटीने बसलेल्या असतात, आणि दात त्या तंतूंवर तोलून धरलेला असतो. भातात बारीकशी कच आली तरी घास तिथल्या तिथे थांबतो, तो या फटीतल्या नसांमुळे. वेडेवाकडे दात सरळ करण्याच्या उपचाराला डॉक्टर ऑर्थोडॉन्टिक्स म्हणतात आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीडपासून नागपूरपर्यंत सगळे ‘तार लावणं’ किंवा ‘क्लिप बसवणं’ म्हणतात. त्याची सगळी किमया या इवल्याशा जागेत घडते.

दाताला एका बाजूने हलका, पण सतत दाब दिला की जिकडे तो सरकू पाहतो तिकडचे तंतू दाबले जातात आणि मागचे ताणले जातात. काही मिनिटांत तिथला रक्तप्रवाह बदलतो. काही तासांत पेशी रासायनिक निरोप सोडू लागतात. प्रोस्टाग्लँडिन हे त्यांतलं एक रसायन. दोन-तीन दिवसांत रक्तातून आलेल्या पेशींपासून ऑस्टिओक्लास्ट तयार होतात. या हाड विरघळवणाऱ्या पेशी. दाबाच्या बाजूची भिंत त्या पोखरू लागतात. मागे, ताणाच्या बाजूला, ऑस्टिओब्लास्ट नावाच्या दुसऱ्या पेशी नवं हाड घालत येतात. पुढची भिंत हटते, मागची भरत येते, आणि दात आपल्या खोबणीसकट जबड्यातून चालू लागतो. महिन्याला साधारण एक मिलिमीटर. तारेने फक्त निरोप दिला. खोदणारे आणि बांधणारे दोघेही तार लावलेल्या मुलाच्या किंवा मुलीच्या शरीरातलेच.

मला यात सगळ्यात थक्क करते ती वेळेची ताकद. घास चावताना दाढांवर कित्येक किलोंचा भार येतो, तरी दात जागचा हलत नाही. तो भार सेकंदभरही टिकत नाही आणि फटीतला द्रव तेवढ्यापुरता तो झेलून घेतो. उलट पन्नास-शंभर ग्रॅमचा दाब रोज कित्येक तास टिकला तर हाडाला वाट द्यावीच लागते. साधारण सहा तास ही या वेळेची खालची मर्यादा मानली जाते. रात्रभर अंगठा तोंडात घेऊन झोपणाऱ्या मुलाचे वरचे दात पुढे का येतात, याचं उत्तर इथेच आहे. अंगठ्यात जोर कितीसा असणार! पण तो तासन् तास तिथे असतो.

मग जोर वाढवला तर दात लवकर सरकेल का? स्वीडनच्या कार्ल सँडस्टेड यांनी कुत्र्याचे दात तारेने हलवून, मग ते हाड सूक्ष्मदर्शकाखाली पाहून विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला याचा छडा लावला. १९०४-०५ मध्ये त्यांचं हे काम प्रसिद्ध झालं. हलक्या दाबाखाली हाड समोरून नीट विरघळताना दिसलं. जबर दाबाखाली मात्र फटीतला रक्तपुरवठाच बंद पडला, तिथल्या पेशी मेल्या आणि तो भाग काचेसारखा निर्जीव दिसू लागला. अशा ठिकाणी दात अडून राहतो. मग शरीराला हाडाच्या मागच्या अंगाने पोखरत यावं लागतं, आणि त्यात आठवडा-दोन आठवडे जातात. म्हणून ‘डॉक्टर, जरा जास्त आवळा, म्हणजे लवकर होईल’ या विनंतीला चांगला डॉक्टर कधीच मान देत नाही.

आता टाळूकडे येऊ, कारण तिथे याहूनही मोठं आश्चर्य आहे. वरचा जबडा दोन अर्ध्यांचा बनलेला असतो. त्यांच्यामधली शिवण लहानपणी पूर्ण पक्की झालेली नसते. ती किशोरवयात हळूहळू जुळते. ज्या मुलाचा वरचा जबडा अरुंद आहे त्याच्या टाळूला डॉक्टर एक छोटा स्क्रू बसवतात आणि आईला एक किल्ली देतात. घरीच, ठरलेल्या वेळी, आईने ती किल्ली फिरवायची. एका वेळी फिरवली की साधारण पाव मिलिमीटर. काही दिवसांत पुढच्या दोन दातांमध्ये चांगली ऐसपैस फट पडते आणि घरातले घाबरतात. ती फट म्हणजे शिवण उघडल्याची खूण. पुढे ती आपोआप मिटत जाते आणि उघडलेल्या शिवणीत काही महिन्यांत नवं हाड भरतं.

नागभीडला रुंदीकरण म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. बंगाल-नागपूर रेल्वेच्या काळात टाकलेली नागपूर–नागभीड नॅरोगेज, दोन रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर, नोव्हेंबर २०१९ मध्ये बंद झाली, ती १६७६ मिलिमीटरच्या ब्रॉडगेजसाठी. रूळ उखडायचे, भराव रुंद करायचा, पूल नव्याने बांधायचे, तर गाडी थांबवावीच लागते. मुलाच्या तोंडातलं रुंदीकरण वाहतूक चालू ठेवून होतं. तो वरण-भात खातो, शाळेत पाढे म्हणतो, गोट्यांवरून भांडतो, आणि त्याच वेळी टाळूची शिवण उघडून तिथे नवं हाड बसत असतं.

हे सगळं वेळेत कळायला हवं. दुधाचे वीस दात पडून कायमचे येऊ लागतात ते सहाव्या-सातव्या वर्षी, आणि अमेरिकेतली ऑर्थोडॉन्टिस्टांची संघटना सातव्या वर्षापर्यंत एकदा तरी दाखवून घ्या असं सांगते. दाखवणं म्हणजे लगेच तार लावणं नव्हे. बहुतेक मुलांना डॉक्टर ‘अकरा-बारा वर्षांचा झाला की या’ म्हणून घरी पाठवतात. पण खालचा जबडा मागे राहिलाय, टाळू अरुंद आहे, वरचे दात खालच्या दातांच्या आत बसताहेत, अशा गोष्टी वाढीच्या वयात थोड्या प्रयत्नाने सुधारतात. वाढ संपल्यावर त्यांतल्या काहींना शस्त्रक्रियेशिवाय इलाज उरत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघरहून सुरू झाला. त्याचं पथक शाळेत आणि अंगणवाडीत येतं, आणि त्याच्या तपासणीत दात, फाटलेला ओठ, फाटलेली टाळू हे सगळं येतं. पथक येईल त्या दिवशी मास्तरांनी मुलांना तोंड नीट उघडून दाखवायला सांगावं. एवढं तरी व्हावं.

दात दाटीने येतात कशामुळे? आईचा लहान जबडा आणि बापाचे मोठे दात, ही घराघरांतली समजूत फार अपुरी आहे. आनुवंशिकता आहेच. दुधाची दाढ किडून अकाली काढली तर शेजारचे दात त्या जागेत झुकतात, हेही कारण आहे, आणि आपल्याकडे ते खूप दिसतं, कारण ‘दुधाचाच दात आहे, पडणारच’ म्हणून कीड तशीच सोडली जाते. पण रॉबर्ट कॉरुचिनी या मानवशास्त्रज्ञाने भारतीय सहकाऱ्यांबरोबर चंदीगड परिसरातल्या शहरी आणि खेड्यातल्या तरुणांचे दात तपासले आणि १९८३ मध्ये निष्कर्ष मांडले. शहरी, मऊ खाणाऱ्या तरुणांमध्ये दातांची वेडीवाकडी ठेवण अधिक दिसली. जबड्याचं हाड चावण्याच्या ताणाला प्रतिसाद देत वाढतं आणि मऊ खाण्याने ते पुरतं वाढत नाही, असा हा विचार. सगळेच तज्ज्ञ तो पूर्णपणे मानत नाहीत. मला तो पटण्याजोगा वाटतो, कारण दाबाचं ऐकणारं जे हाड तारेमुळे वाट देतं, तेच हाड चण्याफुटाण्यांचंही ऐकत असलं तर त्यात नवल नाही.

उपचार ठरला की पहिल्या भेटीत फारसं काही घडत नाही. फोटो काढतात, दातांचे साचे घेतात, सगळ्या जबड्याचा एक एक्स-रे आणि चेहऱ्याचा बाजूने एक एक्स-रे काढतात. बाजूच्या या एक्स-रेवर रेषा आखून, कोन मोजून डॉक्टर ठरवतात की दोष दातांत आहे की जबड्यांत. १९३१ मध्ये अमेरिकेत ब्रॉडबेंट आणि जर्मनीत होफ्राथ यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे ही पद्धत मांडली. मग किडलेले दात भरून घ्यायचे, दात साफ करून घ्यायचे. दाटी फार असेल तर सुळ्यामागच्या उपदाढा काढाव्या लागतात, चांगल्या धडधाकट उपदाढा. हे ऐकून पालकांचा जीव कळवळतो आणि ते साहजिक आहे. प्रत्येकाला काढाव्या लागत नाहीत. ‘न काढता होईल का, आणि नाही तर का नाही’ हे विचारायचा पालकांना हक्क आहे, आणि डॉक्टरने साचा हातात घेऊन ते दाखवायला हवं.

तार धरून ठेवणारं छोटं ब्रॅकेट दाताला चिकटतं कसं, ही गोष्टही गंमतीची आहे. पूर्वी प्रत्येक दाताभोवती धातूचा पट्टा बसवायचे. १९५५ मध्ये मायकेल ब्युनोकोर या दंतवैज्ञानिकाने पाहिलं की कारखान्यांत रंग धरावा म्हणून धातूला फॉस्फरिक ॲसिड लावतात. तेच त्याने दाताच्या इनॅमलवर लावून पाहिलं. इनॅमलवर सूक्ष्म खाचा पडल्या आणि त्यांत चिकटवण्याचं द्रव्य घट्ट बसलं. आजही डॉक्टर अर्धा-एक मिनिट ॲसिड लावतात, धुतात, वाळवतात, ब्रॅकेट ठेवून निळा प्रकाश टाकतात. यात दुखत काही नाही. चंद्रपूर जिल्ह्यात मात्र एक अडचण आहे. काही गावांच्या भूजलात फ्लोराइड जास्त आहे, आणि तिथल्या मुलांच्या दातांवर पांढरे-तपकिरी पट्टे दिसतात. असं इनॅमल ॲसिडला सहज दाद देत नाही, ब्रॅकेट सुटायची शक्यता वाढते. बोअरवेलचं पाणी पिऊन वाढलेल्या मुलाचे दात पट्ट्यांचे असतील तर हे डॉक्टरला आधीच सांगावं.

पहिली तार बसली की त्या रात्री दात आंबल्यासारखे होतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त, मग ओसरतं. गालाला, ओठाला ब्रॅकेट घासून तोंड येतं. त्यासाठी डॉक्टर मेण देतात, ते टोचणाऱ्या ब्रॅकेटवर दाबून बसवायचं. दुखण्यावरची गोळी मेडिकलमधून मनाने आणू नये. काही वेदनाशामक गोळ्या नेमक्या प्रोस्टाग्लँडिनलाच रोखतात, म्हणजे जो निरोप हाडापर्यंत पोचावा म्हणून ही सगळी खटपट, त्यालाच अडवतात. कोणती चालेल ते डॉक्टरकडून लिहून घ्यावं.

या चार दिवसांत नागभीडच्या मुलाला काय खाऊ घालायचं हा प्रश्न नाही. धानाच्या मुलखात मऊ भाताची वाण नाही, आणि भात तरी कुठला! याच तालुक्यातल्या नांदेड गावचे शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या बांधीत वेगळी दिसलेली धानाची रोपं निवडून, वर्षानुवर्षं पेरून पाहून ‘एचएमटी’ हे वाण घडवलं. त्याचा बारीक, मऊ भात दूरदूरच्या ताटांत गेला. दादाजी २०१८ मध्ये गेले. तार लावलेल्या मुलाला तो भात, वरण, आंबील, शिजवून मऊ केलेली भाजी, सगळं चालतं. पुढची दीड-दोन वर्षं मात्र ऊस दातांनी सोलायचा नाही, फुटाणे, चिक्की, कडक लाडू, आठळीसकट बोरं नाहीत, आणि पेरूसुद्धा चिरून खायचा.

आणि सुपारी नाही. खर्रा तर अजिबातच नाही. हे मी चार शब्दांत सांगून पुढे जाऊ शकत नाही, कारण चंद्रपूर-गडचिरोलीत पानठेल्यावर घोटलेला सुपारी-तंबाखूचा खर्रा पोरांच्या खिशात फार लवकर पोचतो. ब्रॅकेट तुटणं हे त्यातलं सर्वांत किरकोळ नुकसान. सुपारीने गालाच्या आतली कातडी कडक होत जाते, तोंड उघडेनासं होतं, आणि त्यातून कर्करोगाचा धोका वाढतो. ज्याच्या तोंडात दोन बोटं शिरत नाहीत त्याच्या दातांना तार लावणार कशी? गडचिरोलीत दारू आणि तंबाखूविरुद्ध ‘मुक्तिपथ’ गावोगाव काम करतं आहे. तार लावायला आलेल्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाशी डॉक्टरने खर्ऱ्याबद्दल मोकळेपणाने, त्याला न लाजवता बोललं, तर त्या एका भेटीचं मोल दात सरळ होण्यापेक्षाही मोठं ठरेल.

नागभीडहून हा उपचार घ्यायचा तर खरी कसोटी रस्त्याची असते. नागपूर शंभरेक किलोमीटर, चंद्रपूरही जवळजवळ तेवढंच. नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, म्हणजे ‘मेडिकल’च्या, परिसरातलं शासकीय दंत महाविद्यालय १९६८ पासून आहे; तिथे ऑर्थोडॉन्टिक्सचा स्वतंत्र विभाग आहे आणि खर्च खासगीपेक्षा पुष्कळ कमी येतो, पण वाट पाहायची तयारी लागते. वर्ध्याजवळ सावंगीलाही दंत महाविद्यालय आहे. खासगीत गेलात तर पूर्ण रक्कम, हप्ते, तुटलेल्या ब्रॅकेटचे पैसे, शेवटी दात जागी धरून ठेवणाऱ्या रिटेनरचे पैसे, सगळं सुरुवातीलाच लिहून घ्यावं. साधारण दीड ते दोन वर्षं, चार ते सहा आठवड्यांनी एक फेरी. प्रत्येक फेरी म्हणजे दोघांचं बसभाडं, मुलाच्या शाळेचा एक दिवस आणि मोठ्याची एक दिवसाची मजुरी.

इथे तारेला मनापासून दाद द्यावीशी वाटते. जुन्या पोलादी तारेचा दाब लवकर उतरायचा. ती पुन्हा पुन्हा वाकवावी लागे. अमेरिकेच्या नौदलाच्या प्रयोगशाळेत विल्यम ब्युलर यांना १९५९ च्या आसपास निकेल आणि टायटॅनियमचा एक मिश्रधातू सापडला. काही काळाने एका बैठकीत त्याची दुमडलेली पट्टी कुणीतरी लायटरच्या ज्योतीवर धरली आणि ती सर्वांदेखत सरळ झाली. त्याला आपला मूळ आकार आठवत होता! सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला आयोवातल्या जॉर्ज अँड्रियासेन यांनी हा धातू दातांसाठी आणला. आज पहिली तार बहुधा याच धातूची असते. वेड्यावाकड्या ब्रॅकेटांत ती वाकडी होऊन बसते आणि आठवडेच्या आठवडे जवळजवळ तेवढ्याच हलक्या दाबाने सरळ व्हायला पाहते. नागभीडच्या आईला रोवणीच्या दिवसांत निघता आलं नाही, फेरी थोडी लांबली, तरी सुरुवातीच्या टप्प्यात ही तार आपलं काम करत राहते. डॉक्टरशी आधी बोलून ठेवलं तर फेऱ्या रोवणी आणि धानकापणी सांभाळून आखता येतात.

फायदा काय, हे आता सरळ सांगतो. दाटीतले दात सुटे झाले की ब्रश सगळीकडे पोचतो. वरचे फार पुढे आलेले दात मागे गेले की सायकलवरून पडल्यावर किंवा कबड्डीत ते तुटण्याची भीती कमी होते. लहान वयात असे दात मागे घेतल्याने पुढच्या दातांच्या इजा कमी होतात, हे अभ्यासांत दिसलं आहे. उलटे बसलेले दात एकमेकांना झिजवतात, ते थांबतं. घास नीट तुटतो. आणि फोटोत ओठ मिटून उभी राहणारी मुलगी हसायला लागते. झाडीपट्टीच्या नाटकांत रात्रभर रंगमंचावर उभं राहायची हौस असलेल्या पोरीसाठी ही छोटी गोष्ट नाही. पण नुसती तार लावल्याने कीड टळते असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नये. उलट उपचार चालू असताना दात नीट घासले नाहीत तर ब्रॅकेटभोवती पांढरे डाग पडतात आणि ते जाता जात नाहीत. राखुंडी, गुडाखू, काडी यांनी ब्रॅकेटमधली घाण निघत नाही; फ्लोराइडची पेस्ट आणि मऊ ब्रश, प्रत्येक जेवणानंतर. मुळांची टोकं किंचित आखूड होऊ शकतात, म्हणून मध्ये एखादा एक्स-रे काढतात. एखादा दात जरासा तिरका आहे, चावण्यात अडचण नाही, मुलाला त्याचं काही वाटत नाही, तर तो तसाच राहू द्यावा, असं माझं मत आहे.

घरगुती उपायांबद्दल एकच. पुढच्या दोन दातांमधली फट मिटवायला मुलं साधा रबर अडकवतात. तो रबर हिरडीखाली सरकून मुळाकडे चढत जातो, दिसेनासा होतो, आणि आधाराचं हाड नासवतो. असे दोन्ही चांगले दात गमावलेली मुलं दंतवैद्यांना माहीत आहेत.

ब्रॅकेट निघतात तो दिवस घरात सणाचा असतो, आणि चूक होते ती इथेच. दात नव्या जागी आलेले असतात, पण हिरडीतले तंतू अजून जुन्या जागेकडे ताणलेले असतात. त्यांना नव्याने जुळायला महिनोन् महिने लागतात, काहींना वर्षाच्या आसपास. म्हणून रिटेनर: काढ-घाल करता येणारी टाळूची पट्टी, किंवा दातांच्या मागे चिकटवलेली बारीक तार. सुरुवातीला दिवसरात्र, मग फक्त रात्री, आणि ते रात्रीचं वापरणं वर्षानुवर्षं. रिटेनर जेवताना कागदात गुंडाळून ठेवला की कचऱ्यात जातो. त्याची डबी दप्तरात कायम असावी.

हाड जन्मभर बदलत राहतं. म्हणून रिटेनर सोडलेल्याचे दात पुन्हा सरकतात, आणि म्हणूनच चाळिशीतल्या शिक्षिकेचे किंवा पन्नाशीतल्या दुकानदाराचेही दात हलवता येतात. हिरड्या निरोगी हव्यात, आणि मोठ्यांत वेग जरा कमी असतो, एवढंच. टाळूची शिवण मात्र तेव्हा सहज उघडत नाही. ‘लग्न तीन महिन्यांवर आलंय, तेवढ्यात दात बसवून द्या’ असं सांगत येणाऱ्यांना डॉक्टर नाही म्हणतात, कारण महिन्याला एक मिलिमीटर हा वेग त्या पेशींचा आहे. लग्न वैशाखात असेल, तर डॉक्टरकडे जायचा महिना आदल्याच्या आदल्या वर्षीचा वैशाख.